शेफ खेळायचा असेल तर आधी शॉर्ट रेस्टचा हिशेब मांडा

प्रश्न थोडक्यात असा: डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत, पाच जणांच्या पार्टीत (पात्रांच्या टोळीत), पहिल्या लेव्हलपासून शेफ, म्हणजे स्वयंपाकी पात्र, खेळायचा आहे. दोन-तीन सेशन झाल्यावर तो हातात तवा घेतलेलं विनोदी पात्र होऊन राहू नये, पार्टीला त्याचा खरा उपयोग व्हावा. मग क्लास (पात्राचा पेशा) कोणता घ्यावा, फीट (जास्तीचं खास कसब) कधी घ्यावी आणि टेबलावर स्वयंपाक खेळायचा कसा?

सुरुवात क्लासपासून करू नका. शेफचं रणांगण म्हणजे शॉर्ट रेस्टचा, लढायांमधल्या छोट्या विश्रांतीचा, तो एक तास. लढाईत प्रत्येकाला काही ना काही काम असतंच. पण पार्टी थांबते, जखमा बांधते, तो तास बहुतेक टेबलांवर "चला, एक तास गेला, हिट डाइस टाका" एवढ्यावर उरकला जातो. (हिट डाइस म्हणजे विश्रांतीत टाकून हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव, भरून काढायचे फासे.) कुणाचाच नसलेला हा तास तुम्ही आपला करून घ्यायचा. क्लास, फीट, सामान, स्वभाव हे सगळं त्या तासाकडे बघून ठरवलं की शेफ उभा राहतो. तव्याने डोकी फोडायची या कल्पनेवर उभं केलेलं कॅरेक्टर मात्र तिसऱ्या सेशनला थकतं, कारण ती गंमत एकदाच येते.

म्हणून पहिलं काम डीएमशी (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणाऱ्याशी) बोलायचं. त्यांच्या खेळात एका दिवसात साधारण किती चकमकी होतात? २०१४ च्या डंजन मास्टर्स गाईडचा अंदाज दिवसाला ६ ते ८ मध्यम किंवा अवघड चकमकी आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट असा आहे. प्रत्यक्षात अनेक टेबलांवर दिवसाला एकच मोठी लढाई होते आणि लगेच लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती) घेतली जाते. तुमच्या टेबलावर असं असेल तर शेफचे अर्धे नियम कागदावरच राहतील, आणि हे आधी कळलेलं बरं. दुसरं, पार्टीत कोण कोण आहे ते बघा. फायटर, वॉरलॉक आणि मंक या क्लासच्या शक्ती शॉर्ट रेस्टला परत येतात, त्यामुळे ते स्वतःहून थांबायला बघतात. विझर्ड, सॉर्सरर आणि पॅलाडिन एवढेच असतील तर थांबायची निकड कुणालाच नसते आणि दर वेळी तुम्हालाच गळ घालावी लागते. निदान दोघे तरी शॉर्ट रेस्टवर जगणारे असावेत, त्यातले एक तुम्ही.

आता नियम. पहिल्या लेव्हलला तुम्हाला फक्त कुक्स युटेन्सिल्सची (स्वयंपाकाच्या अवजारांची) प्रोफिशियन्सी, म्हणजे ती वापरण्यातलं प्रावीण्य, लागते. किंमत १ सोन्याचं नाणं, वजन ८ पौंड. पाचव्या आवृत्तीचे नियम दोन आहेत, २०१४ चे आणि २०२४ चे सुधारलेले. २०१४ च्या नियमांत गिल्ड आर्टिझन बॅकग्राउंड (पात्राची पूर्वपीठिका) घेऊन आचारी-बेकरांचा संघ निवडता येतो, किंवा बॅकग्राउंड स्वतः जुळवता येतं. २०२४ च्या नियमांत आर्टिझन बॅकग्राउंडमध्ये एका कारागिरीची अवजारं निवडायची असतात, ती हीच घ्या. २०१७ च्या झनाथर्स गाईड टू एव्हरीथिंगमध्ये या प्रोफिशियन्सीला एक साधा पण कामाचा नियम जोडलेला आहे: शॉर्ट रेस्टमध्ये तुम्ही जेवण केलंत, तर तुम्ही आणि आणखी पाच जण खर्च केलेल्या प्रत्येक हिट डायमागे १ हिट पॉइंट जास्त मिळवतात. पहिल्या लेव्हलला जवळ एकच हिट डाय असतो, त्यामुळे हा फायदा माणशी १ पॉइंटचा. तेवढाही तेव्हा मोलाचा असतो. फीट नसतानाही पहिल्या दिवसापासून तुम्ही शेफ आहात, ते या नियमामुळे.

शेफ ही फीट २०२० च्या टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंगमध्ये आली आणि २०२४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्येही आहे. तिचे भाग असे. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) किंवा विस्डम (जाणतेपणा) हा गुण १ ने वाढतो. अवजारांची प्रोफिशियन्सी नसेल तर मिळते. शॉर्ट रेस्टमध्ये ४ अधिक प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारा प्रावीण्याचा आकडा) इतक्या जणांचं खास जेवण करता येतं. ते खाऊन जो निदान एक हिट डाय खर्च करतो, त्याला १डी८ (आठ बाजूंच्या एका फाशावर पडतील तेवढे) हिट पॉइंट जास्त मिळतात. शिवाय एक तास काम करून किंवा लाँग रेस्ट संपताना प्रोफिशियन्सी बोनसइतके खाऊचे तुकडे करता येतात. ते ८ तास टिकतात, बोनस अ‍ॅक्शनने (आपल्या पाळीतल्या छोट्या जादा कृतीने) खाता येतात आणि तुमच्या प्रोफिशियन्सी बोनसइतके टेंपररी (तात्पुरते) हिट पॉइंट देतात. २०१४ च्या नियमांत व्हेरियंट ह्यूमन पहिल्याच लेव्हलला ही फीट घेऊ शकतो. २०२४ मध्ये मात्र चौथ्या लेव्हलची अट आहे, तिला पळवाट शोधू नका. तोवर अवजारांची प्रोफिशियन्सी पुरते.

यात पैसा वसूल करणारा भाग जेवणाचा आहे, खाऊचा नाही. पाच जण जेवले तर सरासरी ४.५ च्या हिशेबाने एका शॉर्ट रेस्टला २२.५ हिट पॉइंट येतात. २०१४ च्या नियमांत विस्डमचा बोनस ३ असलेल्याने पहिल्या स्तराचा एक स्लॉट (जादू टाकायची मोजकी खेप) खर्चून क्युअर वूंड्स ही जखम भरायची जादू टाकली तर सरासरी ७.५ येतात. म्हणजे एक जेवण बरोबर तीन स्लॉटइतकं भरतं, तेही दर शॉर्ट रेस्टला.

इथेच नेहमीची चूक होते. तो १डी८ जेवणामागे एकदाच मिळतो. हिट डाइस एक टाका नाहीतर चार टाका. चौथ्या लेव्हलच्या कॅरेक्टरने एकाच रेस्टमध्ये चारही डाइस संपवले तर जास्तीचे सरासरी ४.५ मिळतात. त्याने दोन रेस्टमध्ये दोन-दोन टाकले तर ९. म्हणून शेफने पार्टीला सांगायचं की डाइस पुरवून वापरा, प्रत्येक थांब्याला एक तरी टाका. झनाथरचा नियम उलटा चालतो, तिथे जितके डाइस तितके पॉइंट. दोन्ही एकत्र धरायचे का ते डीएमला आधी विचारा. २०१४ च्या नियमांत लाँग रेस्टला एकूण हिट डाइसपैकी निम्मेच परत येतात, २०२४ मध्ये सगळे येतात. नव्या नियमांत शेफ थोडा जास्त दमदार ठरतो तो यामुळे.

खाऊबद्दल दोन गैरसमज कायम दिसतात. एक, तो पोशनसारखा आहे. तो तसा नाही. टेंपररी हिट पॉइंट मिळाले म्हणून बेशुद्ध पडलेला शुद्धीवर येत नाही, आणि खाणाऱ्याला स्वतःची बोनस अ‍ॅक्शन लागते, ती पडलेल्याकडे नसतेच. दोन, तो लढाईत खायचा असतो. खरं तर दार ढकलायच्या आधी खा. हे पॉइंट संपेपर्यंत किंवा लाँग रेस्ट होईपर्यंत टिकतात, मग लढाईतली बोनस अ‍ॅक्शन का घालवायची? टेंपररी हिट पॉइंटची बेरीज होत नाही हेही ध्यानात ठेवा. पार्टीत कुणाकडे इन्स्पायरिंग लीडर ही फीट असेल, तर आठव्या लेव्हलला करिश्माचा बोनस ४ असलेला तो एकटा प्रत्येकाला १२ पॉइंट देतो. तुमचा खाऊ तेव्हा ३ देतो. अशा पार्टीत खाऊ ओलीस धरलेल्या गावकऱ्यांना किंवा सोबतच्या वाटाड्याला द्या, आपल्या माणसांवर वाया घालवू नका. तासाला तास जोडून खाऊचा ढीग लावता येतो का, हा वादही टेबलावर होतोच. एका वेळी प्रोफिशियन्सी बोनसपेक्षा जास्त तुकडे जवळ ठेवायचे नाहीत, असं आपणहून कबूल करून टाका. डीएमचा विश्वास त्या तुकड्यांपेक्षा मोठा आहे.

क्लासमध्ये माझं मत स्पष्ट आहे: फायटर, त्यातही बॅटल मास्टर हा उपप्रकार. फायटरला २०१४ च्या नियमांत चौथ्यानंतर सहाव्याच लेव्हलला पुढची अ‍ॅबिलिटी वाढ (गुण वाढवायची किंवा फीट घ्यायची संधी) मिळते, म्हणून फीट घेताना त्याला चटका बसत नाही. त्याच्या शक्ती शॉर्ट रेस्टला परत येतात. आणि बॅटल मास्टरला तिसऱ्या लेव्हलला एका कारागिरीच्या अवजारांची प्रोफिशियन्सी आपोआप मिळते. स्वयंपाकाची अवजारं बॅकग्राउंडमधून आधीच घेतलेली असली की इथे ब्रूअर्स सप्लाइज घ्या; पेय गाळणं आणि आंबवणं शेफच्या हातात शोभतं. सहा गुण विकत घ्यायच्या २७ पॉइंटच्या खरेदीत हे आकडे बसतात: स्ट्रेंग्थ १४, डेक्स्टेरिटी १२, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स १०, विस्डम १३, करिश्मा १०. वर स्ट्रेंग्थला २ आणि कॉन्स्टिट्यूशनला १ मिळवा. कॉन्स्टिट्यूशन १५ वर येतो आणि चौथ्या लेव्हलला शेफ फीट तो १६ वर नेते, त्यासरशी मागच्या लेव्हलही धरून ४ हिट पॉइंट वाढतात. हा आकडा मुद्दाम विषम ठेवायचा असतो, कारण गुणाचा बोनस सम आकड्यालाच वाढतो. १४ किंवा १६ वरून सुरुवात केलीत तर फीटचा तो १ नुसता पडून राहतो.

जादू हवीच असेल तर क्लेरिक घ्या आणि विस्डम १७ वर ठेवा, फीटने तो १८ होतो. २०१४ च्या नियमांचा आर्टिफिसर विष ओळखण्यात सगळ्यांच्या पुढे जातो, कारण सहाव्या लेव्हलपासून अवजारांच्या चेकला (फासा टाकून घ्यायच्या परीक्षेला) त्याचा प्रोफिशियन्सी बोनस दुप्पट होतो. पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत खेळत असाल तर कुकिंग लोर घ्या, त्यावर सीझन्ड ही स्किल फीट चढवा. खाली टेबलावर खेळण्याबद्दल जे सांगितलंय ते तिथेही चालतं, आकडे मात्र त्या खेळाचे वेगळे.

शस्त्राचं एका ओळीत सांगतो. तवा नियमाप्रमाणे इंप्रोव्हाइज्ड (हाताला लागलं ते वापरलेलं) शस्त्र ठरतो, १डी४ आणि बहुधा प्रोफिशियन्सी नाही, म्हणून हँडअ‍ॅक्स घ्या आणि त्याला सुरा म्हणा, मेस घ्या आणि तिला लोखंडी डाव म्हणा, आकडे मूळचेच ठेवा.

विषाकडे मात्र नीट बघा, कारण दरबारी मेजवानीच्या प्रसंगात शेफ हाच पार्टीचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस असतो. अन्नातलं विष किंवा भेसळ ओळखायची डीसी, म्हणजे वीस बाजूंचा फासा आणि बोनस मिळून किमान गाठायचा आकडा, १५ आहे. विस्डमचा बोनस ३ आणि प्रोफिशियन्सी २ धरली तर डायवर १० किंवा जास्त पडायला हवं, म्हणजे ५५ टक्के. झनाथरमध्ये सुचवलं आहे की अवजार आणि स्किल दोन्ही लागू पडत असतील आणि दोन्हींत प्रोफिशियन्सी असेल तर अ‍ॅडव्हांटेज (फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायची मुभा) द्यावा. त्याने शक्यता जवळपास ८० टक्क्यांवर जाते. म्हणून पर्सेप्शन किंवा मेडिसिन नक्की घ्या आणि डीएमला हे वाक्य पहिल्याच भेटीत दाखवा. वर दिलेल्या आकड्यांच्या फायटरला विस्डमचा बोनस फक्त १ आहे, त्याला तर अ‍ॅडव्हांटेजची जास्तच गरज.

सामानाची वही ठेवा, पण एका पानाची. माणशी दिवसाला १ पौंड अन्न आणि १ गॅलन पाणी, उन्हाळी हवेत २ गॅलन. तयार रेशन २ पौंडांचं आणि ५ चांदीच्या नाण्यांचं असतं. पाच जणांना सात दिवसांचं रेशन म्हणजे ७० पौंड आणि साडेसतरा सोन्याची नाणी. सुटं अन्न नेलंत तर वजन निम्मं, ३५ पौंड, पण ते शिजवावं लागतं, आणि ते शिजवणारा पार्टीत आहे. लोखंडी भांडं वेगळं घेतलं तर आणखी १० पौंड. पाण्याच्या एका कातडी पिशवीत अर्धाच गॅलन मावतो, तेव्हा माणशी दोन पिशव्या. इथे हमखास चुकतं.

मसाल्यांवर थोडं रेंगाळणं योग्य आहे. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये व्यापारी मालाचे भाव दिलेले आहेत आणि ते शेफसाठी खजिना आहेत. एक पौंड मीठ ५ तांब्याची नाणी, पीठ २ तांब्याची. आलं १ सोन्याचं नाणं, दालचिनी किंवा मिरी २, लवंग ३, आणि केशर १५, म्हणजे एका बैलाइतकं. सुरुवातीच्या पैशांत पौंडभर मीठ आणि पाव पौंड मिरी सहज बसते, मिरीचं अर्धं सोन्याचं नाणं. केशराची चिमूट मात्र विकत घेऊ नका, ती कथेत मिळवा. कुणाच्या तरी तिजोरीत नाण्यांशेजारी केशराची डबी सापडली आणि बाकीचे रत्नं मोजत असताना तुमचं कॅरेक्टर ती उघडून वास घेत बसलं, की स्वभाव न सांगता दिसतो.

जंगलात अन्न शोधायला सर्व्हायव्हलचा चेक असतो: भरपूर असेल तिथे डीसी १०, बेताचं तिथे १५, जवळपास नाहीच तिथे २०. यश आलं की १डी६ अधिक विस्डमचा बोनस इतके पौंड. पाच जणांच्या पार्टीला एकट्याने एवढ्यावर रोज पोसणं कठीण आहे आणि तसं ते असायलाही हवं. पार्टीत ड्रुइड असेल तर गुडबेरीची एक जादू दहा जणांचं दिवसाचं पोट भरते, आणि मग शेफला वाटतं आपलं काम गेलं. तिथे चिडू नका. पोट भरणं हे काम ड्रुइडचं, जेवण करणं हे तुमचं. त्या बेरी मागून घ्या आणि रश्श्यात घाला. क्रिएट फूड अँड वॉटरचं अन्न तर नियमातच बेचव म्हटलेलं आहे. ४५ पौंड बेचव अन्न म्हणजे शेफला आमंत्रणच.

राक्षसांचं मांस शिजवायची हौस प्रत्येक शेफला येते. त्याला पाचव्या आवृत्तीच्या मूळ पुस्तकांत नीट नियम नाही, तेव्हा घरचा नियम लागतो. चांगला चालणारा असा: नेचर किंवा सर्व्हायव्हल, डीसी १० अधिक त्या प्राण्याचं चॅलेंज रेटिंग (ताकदीचा आकडा). हुकलं तर मांस वाया, ५ किंवा जास्तने हुकलं तर जो चाखेल त्याला विषाचा सेव्ह (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा). जमलं तर त्या प्राण्याच्या स्वभावाला धरून एकच छोटा फायदा: ८ तासांत एखाद्या ठराविक प्रकारच्या एका सेव्हला अ‍ॅडव्हांटेज. यापेक्षा वर जाऊ नका. हीरोज फीस्ट ही सहाव्या स्तराची जादू आहे, तिला १,००० सोन्याच्या नाण्यांचं रत्नजडित पात्र खर्ची पडतं, तेव्हा कुठे १२ जणांना विषापासून आणि भीतीपासून संरक्षण मिळतं. पाचव्या लेव्हलला फुकट शिजवलेली तंगडी त्याच्या जवळ जाऊ लागली की क्लेरिक खेळणाऱ्याचं मन मोडतं. बोलणारे, विचार करणारे जीव शिजवायचे नाहीत, हे सेशन झीरोलाच (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) सगळ्यांनी मिळून ठरवा. त्याच वेळी विचारा की अन्न, उपासमार किंवा कापाकापीचं वर्णन कुणाला नकोसं वाटतं का. खाण्याशी कुणाचं नातं अवघड असू शकतं आणि तुमचं कॅरेक्टर दर सेशनला नेमका तोच विषय काढणार आहे.

आता तो एक तास. शेफ खेळणारे बहुतेक जण इथे म्हणतात, "मी सगळ्यांसाठी खूप चविष्ट जेवण बनवतो." यावर कुणी काहीच बोलू शकत नाही, प्रसंग तिथेच संपतो. त्याऐवजी तीन वाक्यांत तीन गोष्टी आणा: एक अडचण, एक जिन्नस, एक माणूस. पडक्या बुरुजात, पावसात पार्टी थांबली आहे असं धरा. "लाकडं भिजलीत, म्हणून निखारे ढालीवर काढून भांडं त्यावर टेकवतो. कांदा एकच उरलाय. अर्धा चिरतो, अर्धा कापडात गुंडाळून परत ठेवतो. पॅलाडिन, तू काल ताट तसंच ठेवलंस, आज तुला आधी वाढू का?" यातलं शेवटचं वाक्य दुसऱ्याच्या कॅरेक्टरला थेट विचारलेला प्रश्न आहे. पॅलाडिन खेळणाऱ्याला काल काय झालं ते आता सांगता येतं. तुम्ही मिनिटभर बोललात आणि पुढची पाच मिनिटं त्याला दिलीत. रोल करायचा तो यानंतर. साध्या जेवणाची डीसी १०, उत्तम जेवणाची १५. हुकलं तर जेवण बिघडलं असं करू नका, त्याने शेफची पत जाते आणि खेळाला काही मिळत नाही. जिन्नस दुप्पट लागले, किंवा धूर उंच गेला आणि खालच्या दरीतून कुणीतरी तो पाहिला, असं डीएमला सुचवा. धूर आणि वास यांनी ठावठिकाणा कळतो, ही गोष्ट त्यांच्या हातात तुम्हीच द्यायची. मग चूल पेटवायची की थंड खायचं हा खरा निर्णय होतो.

पूर्वेतिहास लिहिताना राजवाड्यातला मुख्य आचारी होतो, राजाला विषप्रयोग झाला, आळ माझ्यावर आला, हा सापळा टाळा. सगळी कथा मागे घडून गेलेली असते आणि पुढे करायला काही उरत नाही. तीन छोटी उत्तरं पुरतात. हात कुणाखाली तयार झाला: छावणीत, जहाजावर, मठात की घरच्या चुलीपाशी? त्याने कापायची पद्धत आणि घाई बदलते. जहाजावरचा माणूस पाणी मोजून वापरेल, छावणीतला पन्नास जणांच्या अंदाजाने मीठ टाकेल. काय शिजवायला तो नकार देतो आणि का? आणि कोणता एक पदार्थ त्याला अजून जमलेला नाही? या शेवटच्या पदार्थाचे पाच जिन्नस लिहून डीएमला द्या, त्यातले दोनच कुठे मिळतात हे त्याला ठाऊक आहे असं ठेवा. उरलेले तीन जिन्नस म्हणजे डीएमला मिळालेले तीन प्रवास.

पहिल्या सेशनच्या आधी बाकीच्या चौघांना एकच प्रश्न पाठवा: तुझं कॅरेक्टर लहानपणी आजारी पडलं की त्याला काय खायला द्यायचे? उत्तरं कॅरेक्टर शीटच्या मागे लिहून ठेवा, कुणाला दाखवू नका. पहिल्या शॉर्ट रेस्टला त्यातलं काही काढायचं नाही. चौथ्या-पाचव्या सेशनला, कुणाचे हिट पॉइंट शून्यावर जाऊन तो कसाबसा उठलेला असताना, त्याच्यासमोर ती वाटी ठेवायची.